रविवारी बायकांचा पेपर आहे, आई ठाण्याला कशी येणार?

पत्र (थोडं कापून देतेय):

"आईला ८६ वं चालू आहे. सातारा जिल्ह्यात ४० वर्षं प्राथमिक शिक्षिका होती, १९५८ ला लागली, १९९८ ला रिटायर झाली. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, ती पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी एकटीच राहते. रिटायर म्हणजे नावालाच. सकाळी ओट्यावर स्कॉलरशिपची पोरं, मंगळवार-शुक्रवार देवळात बायकांचा साक्षरता वर्ग, शनिवारी वाचनालय, मधल्या वेळात गावातल्या म्हाताऱ्यांचे श्रावणबाळ पेन्शनचे फॉर्म आणि बँक. गेल्या श्रावणात वाचनालयाच्या पायरीवरून पडली, उजवं मनगट मोडलं, तर प्लॅस्टर घालून डाव्या हाताने फळ्यावर लिहीत होती. भाऊ पुण्यात, मी ठाण्यात, मी मागच्या वर्षी बँकेतून रिटायर झाले, घरात एक खोली रिकामी आहे. आम्ही दोघं सांगून सांगून थकलो. तिचं एकच, 'रविवारी बायकांचा पेपर आहे, मी कशी येऊ.' तो झाला की दुसरं काहीतरी असतंच. तिला थांबवायचं कसं? दुसरं म्हणजे २०२१ ला तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं होतं, करोनात राहून गेलं. आता मोठा सत्कार करून स्मरणिका काढायचा विचार आहे. पण तिचं आयुष्य लिहायचं कुठून? विचारलं की म्हणते, त्यात काय सांगायचं, नोकरी केली. खरं सांगू का, मला राग येतो. माझ्या दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर ती जनगणनेला गेली होती. गावाची आई झाली, आमची व्हायला तिला वेळच नव्हता. एक वैतागलेली लेक, ठाणे"

ताई,

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, सोपं आहे, म्हातारं माणूस पडू नये म्हणून काय करायचं ते सांगायचं आणि मोकळं व्हायचं. मग शेवटच्या तीन ओळींवर परत आले आणि चहा गार झाला. त्या ओळींकडे येतेच, पण आधी तुम्ही जे विचारलंय त्याचं बघू.

तिला थांबवायचं कसं? मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. उद्धटपणा वाटेल, वाटू दे. का म्हणतेय ते सांगते.

माझे वडीलही गुरुजी, झेडपीचे, सोलापूर जिल्ह्यातले. २००९ ला आई गेली आणि आम्ही भावंडांनी ठरवून त्यांना पुण्यात माझ्याकडे आणलं. तिसरा मजला, लिफ्ट, खाली बाग, हॉस्पिटल पाच मिनिटांवर, सगळं चांगलंच होतं हो. दोन महिने त्यांनी पेपर वाचला, बागेत फेऱ्या मारल्या. तिसऱ्या महिन्यात वॉचमन मला गाठून म्हणाला, मॅडम आजोबांना सांगा ना, आमच्या रजिस्टरमध्ये लाल पेनने खुणा करतात, सेक्रेटरी मला ओरडतात. जाऊन बघते तर येणाऱ्या-जाणाऱ्यांची ती वही, त्यातले सगळे ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले, 'फ्लॅट' लिहिताना कुणी पाय मोडायला विसरलं तर तोही मोडलेला, आणि प्रत्येक पानाच्या खाली बारीक अक्षरात सही आणि तारीख. तेव्हा मी हसले. रात्री नवऱ्याला सांगायला लागले आणि रडूच आलं. चौदा महिन्यांत गेले ते. आता फ्लॅटमुळे गेले असं मी म्हणत नाही, ८३ वय होतं, हार्टचं जुनं दुखणं होतं, गावात असते तरी कदाचित तेवढेच जगले असते. पण गावात तपासायला पोरांच्या वह्या तरी असत्या.

तर आमच्या त्या चुकीनंतर मी कुणालाच, आईवडलांना उचलून शहरात आणा असा सल्ला घाईने देत नाही. आणणं भाग पडतं कधीकधी, नाही असं नाही, विसरायला व्हायला लागलं, गॅस चालू राहायला लागला, तर मग मनाविरुद्धही आणावं लागतं. पण तुमच्या पत्रात तसं काहीच दिसत नाही. उलट डाव्या हाताने फळा लिहिणारी बाई दिसतेय, आणि डाव्या हाताने अक्षर बरं आलं असणार याचीही मला खात्री आहे.

पडण्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. या वयात बाई पडते आणि मनगट मोडतं तेव्हा ते नुसतं मनगटाचं दुखणं नसतं, हाडं ठिसूळ झाल्याची ती चिठ्ठी असते आणि पुढचा नंबर खुब्याचा लागू शकतो, जे खरंच वाईट. प्लॅस्टर निघालं म्हणजे काम झालं असं नाही. हाडांच्या डॉक्टरांना विचारून हाडांची घनता मोजायची तपासणी (डेक्सा म्हणतात तिला), ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, आणि लागली तर हाडांची औषधं, एवढं करून घ्या. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उभं राहिल्यावर चक्कर येते का तेही दाखवा, रात्री बाथरूमला उठताना माणसं पडतात ती बऱ्याचदा त्याने. चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू. आणि चपला! आपल्या आया झिजून गुळगुळीत झालेली स्लिपर 'अजून चांगली आहे' म्हणून तीन पावसाळे चालवतात, ती तुम्ही स्वतः जाऊन फेकून द्या, नुसती नवी घेऊन दिलीत तर ती कपाटात ठेवली जाईल. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, ते काढलंय का बघा.

पण एक बघा ना, आई पडली ती वाचनालयामुळे नाही पडली, श्रावणात पायरीला शेवाळ असतं आणि धरायला काही नसतं म्हणून पडली. पायरीला लोखंडी पाइपचा कठडा बसवायला गावातल्या वेल्डरला किती वेळ लागतो? आणि तुमच्या ठाण्याच्या बाथरूमच्या टाइल्स काही कमी निसरड्या नसणार. म्हातारी माणसं जास्त पडतात ती घरातच.

आता खरं काम. तुम्ही रिटायर झालात, खोली रिकामी आहे म्हणता, तर वेळही थोडा रिकामा असेल. पंधरा दिवस गावी जाऊन राहा. आईला न्यायला आलेय असं न दाखवता, आणि पहिले चार दिवस तोंडातून एकही सूचना न काढता. तिच्या मागे मागे फिरा आणि वहीत लिहा की दिवसभरात ती नक्की काय काय करते. लांबून 'आई किती काम करते' असा एकच मोठा गठ्ठा दिसतो. जवळ गेलात की त्यातलं वेगवेगळं दिसायला लागेल. पोरांना गणित घालणं हे एक काम. वाचनालयाचं कुलूप वाकून उघडणं, वरच्या फळीवरची पुस्तकं काढणं, केर काढणं हे अगदी वेगळं काम. बायकांना वाचायला शिकवणं वेगळं आणि कुणाच्या तरी आधारला मोबाइल लिंक नाही म्हणून एसटीने तालुक्याला जाऊन बँकेच्या रांगेत तास तास उभं राहणं वेगळं. पहिल्यात तिचा जीव आहे, दुसऱ्यात तिची कंबर जाते. तुम्ही सगळंच थांबव म्हणता म्हणून ती काहीच थांबवत नाही. एसटीचं आणि रांगेचं तेवढं काढून घ्या, तिला कळणारसुद्धा नाही. श्रावणबाळचे फॉर्म, हयातीचे दाखले, केवायसी, हे सगळं मोबाइल हातात असलेलं गावातलं कॉलेजचं पोरगं करू शकतं, आणि तुम्ही स्वतः बँकेतल्या, यातलं तुम्हाला झोपेतसुद्धा येतं. महिन्यातून दोन दिवस गावी गेलात आणि देवळात बसून म्हाताऱ्यांची ती सगळी कामं उरकलीत तर आईचं निम्मं ओझं उतरेल. बघा, पटतंय का.

दुसरं असं की तिच्या हाताखाली माणूस द्या. 'सोडून दे' म्हणू नका, 'तुझ्या हाताखाली कोण तयार होतंय' असं विचारा. जुन्या शिक्षकांना विनंती कळत नाही, त्यांना प्रशिक्षण कळतं (आमच्या वडलांना तर लेखी ऑर्डरच कळायची). कोसबाडचं, आदिवासी पोरांच्या बालशिक्षणाचं काम बघा. अनुताई वाघ १९४५ ला बोर्डीला गेल्या त्या ताराबाई मोडकांच्या हाताखाली, ताराबाई तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या, नाव झालेल्या. पुढे बोर्डीत आणि मग कोसबाडला बालवाड्या, अंगणवाड्या, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा, सगळं दोघींनी मिळून उभं केलं, आणि १९७३ ला ताराबाई गेल्या तेव्हा काम बंद पडलं नाही, अनुताई १९९२ पर्यंत, म्हणजे ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत होत्या. ताराबाईंनी काम सोडलं म्हणून अनुताई आल्या असं झालं नाही, त्या अठ्ठावीस वर्षं आधीच येऊन शेजारी बसल्या होत्या. तुमच्या आईच्या शेजारी कोण बसलंय?

बसायला माणसं असतात. तो रविवारचा पेपर म्हणजे बहुतेक 'उल्लास'चा असणार, पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठीची केंद्राची योजना, २०२२ पासून चालू आहे, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान मिळून १५० गुणांचा पेपर असतो, आणि शिकवणारे सगळे स्वयंसेवक, बिनपगारी. आईच्या वर्गातून मागच्या वर्षी पास झालेल्यांपैकी एखादी चुणचुणीत बाई यावर्षी दुसऱ्या चौघींना शिकवायला नक्की तयार होईल, आणि खरं सांगते, नुकतं शिकलेली बाई जास्त चांगलं शिकवते कारण 'क' आणि 'फ' मध्ये आपण कुठे अडकलो होतो ते तिला अजून आठवत असतं. मुरबाडजवळच्या फांगण्याला २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली तेव्हा तिचं सगळीकडे कौतुक झालं, गुलाबी नऊवारी आणि खांद्याला दप्तर. छानच होतं. पण तुमच्या आईसारख्या कितीतरी जणी तेच काम बिनगुलाबी साडीत, बिनफोटोचं, करत आल्यात.

बरं, आता त्या तीन ओळी.

ताई, १९८१ ची जनगणना आणि तुमची दहावी एकदम आली, आणि परीक्षेच्या तोंडावर सोळा वर्षांच्या पोरीची आई घरोघर फॉर्म भरत हिंडत होती. तेव्हा तुम्हाला दूध कुणी दिलं, पॅड आणि पेन कुणी भरून ठेवलं, मला माहीत नाही, पण ते तुम्हाला चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी पत्रात लिहावंसं वाटलं म्हणजे आत काहीतरी अजून ओलं आहे. ते ओलं आहे यात चूक काही नाही.

फक्त दोन राग एकमेकांत गुंतलेत ते सोडवून बघा. जनगणना तिने मागून घेतलेली नव्हती. ती ऑर्डर असते, १९४८ च्या कायद्याने नाकारता येत नाही, नाकारली तर गुन्हा. तसंच निवडणुकीचं, तसंच कुटुंबनियोजनाचं. आणीबाणीत तर प्राथमिक शिक्षकांना नसबंदीच्या 'केस' आणायचे आकडे दिले जायचे, नाही आणले तर पगारावर आणि बदलीवर यायचं. आमचे वडील त्याबद्दल कधी बोलले नाहीत, विषय निघाला की उठून जायचे. म्हणजे १९५८ ते १९९८ मधली जी आई तुम्हाला मिळाली नाही, तिच्यातली बरीचशी सरकारने नेली. त्याचा राग आईवर काढू नका. पण १९९८ नंतरची २८ वर्षं? ती तिने स्वतः निवडलीत. रिटायर झाल्यावर तरी ती तुमच्याकडे येऊन राहील, नातवंडांचं करेल, तुमच्याशी निवांत बोलेल असं तुम्हाला वाटलं असणार, आणि ती पुन्हा गावाकडे गेली. हा राग मात्र खरा आहे, आणि तो फक्त तिच्यासमोरच मांडता येतो.

मांडा ना मग. ८६ व्या वर्षी आईशी भांडू नये असं कुठे लिहिलंय. मनगट मोडलंय तिचं, कान शाबूत आहेत. पंधरा दिवसांत एक संध्याकाळ अशी येईलच, लाइट गेलेली असेल किंवा शेंगा सोलत बसलेल्या असाल, तेव्हा म्हणा, आई, माझ्या दहावीला तू नव्हतीस. एवढंच. पुढे भाषण नको. आणि ती सॉरी म्हणेल अशी अपेक्षा धरून जाऊ नका, त्या पिढीतल्या बाईंच्या तोंडी तो शब्द येत नाही, त्या उठतात आणि चहा टाकतात. तो चहा नीट प्या.

मला तर वाटतं, तुम्हाला आई ठाण्याला हवीय ती अर्धीच तिच्या हाडांसाठी. उरलेली अर्धी १९८१ सालची आहे. चुकत असेन तर सोडून द्या.

स्मरणिकेबद्दल मात्र मी भरभरून लिहिणार आहे कारण अशा स्मरणिका मी ढिगाने वाचल्यात आणि त्यातल्या नव्वद टक्के एकसारख्या असतात. पहिल्या पानावर आमदारांचा शुभेच्छा संदेश, मग 'आदर्श शिक्षिका', 'ज्ञानाचा नंदादीप', 'त्यागमूर्ती', मग मुलांचे लेख, सुनेची कविता. माणूस कुठेच सापडत नाही. आई 'नोकरी केली' म्हणते ना, तर त्या नोकरीवरूनच सुरू करा. तिचं सेवापुस्तक शोधा. ट्रंकेत दुय्यम प्रत असेल, नसेल तर पेन्शनच्या फायलीत निदान काही पानांच्या झेरॉक्स असतील. त्यात लागल्याची तारीख, प्रत्येक बदली, कुठल्या शाळेतून कुठल्या शाळेत, वेतनवाढ, रजा, बाळंतपणाची रजासुद्धा, म्हणजे तुमचा जन्मही त्यात एका ओळीत आहे! आयुष्याचा सांगाडा सरकारने आयता लिहून ठेवलाय. एकेक ओळ तिला वाचून दाखवायची आणि गप्प बसायचं. 'अविस्मरणीय प्रसंग सांग' म्हटलं की माणसं भाषण देतात, आणि 'या शाळेत जाताना नदी लागायची का?' म्हटलं की बोलायला लागतात.

तुमची आई साताऱ्याची आणि १९५८ ला लागलेली, म्हणजे ती काय काय बघून बसलीय याची तुम्हाला कल्पना आहे का? पुढच्याच वर्षी, १९५९ ला, साताऱ्यातच ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, गावातली सगळी मोठी माणसं साक्षर करायची, दिवसा पोरं आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांचे आईबाप, आणि गाव पूर्ण झालं की ग्रामगौरव समारंभ. साताऱ्याहून ती मोहीम मग महाराष्ट्रभर गेली. एकोणीस-वीस वर्षांची ही पोरगी रात्री कंदील घेऊन कुणाच्या ओसरीवर गेली, सोबत कोण होतं, बापयांनी तिच्या हाताखाली पाटी धरली का की हसले? आज देवळात मंगळवारी-शुक्रवारी जे चाललंय त्याचं मूळ तिथे सापडेल असं मला वाटतं. मग १ मे १९६२ ला झेडप्या आल्या, त्याआधी शाळा स्कूल बोर्डाच्या असायच्या, तर मालक बदलल्यावर बाईंच्या आयुष्यात काय बदललं, पगार वेळेवर व्हायला लागला का, तपासणीला येणारे साहेब बदलले का (जुने लोक 'दिपोटी' म्हणतात त्यांना, विचारा, हसेल ती).

आणि ११ डिसेंबर १९६७. सोमवारची पहाट, साडेचारच्याही आधी, कोयनेचा भूकंप. पाटण तालुका म्हणजे त्याचं घरच. तुम्ही दोन वर्षांच्या. तुम्हाला कुणी उचलून बाहेर काढलं हे तुम्ही कधी विचारलंय? पत्रात त्याचा एक शब्द नाही म्हणून म्हणतेय. त्या थंडीत लोक कितीतरी दिवस बाहेर झोपत होते, धक्के थांबत नव्हते, तर शाळा पुन्हा कधी भरली, कुठे भरली, पटावरची किती पोरं परत आली, हे सगळं ती एकटीच सांगू शकते आता. 'आमची व्हायला वेळ नव्हता' म्हणता, त्याचं एखादं उत्तर कदाचित त्या पहाटेतच निघेल. नाहीही निघणार. विचारा तर.

बदल्यांमध्ये माण किंवा खटाव लागलं असेल आणि साल बहात्तरच्या आसपासचं असेल तर तिथे जास्त वेळ थांबा. दुष्काळात मोठी पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला जायची, हजेरीपट अर्धा रिकामा, सुकडीच्या वासावर शाळा भरायची. गैरहजर मांडायचं की हजर, हा त्यावेळच्या शिक्षकांपुढचा खरा प्रश्न होता, नाव कमी केलं तर पोर पुन्हा शाळेत येत नाही आणि खोटी हजेरी लावली तर साहेब धरतात. तिने काय केलं? हा प्रश्न विचाराल तेव्हा मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण मोबाइल उशीखाली नका लपवू, समोर ठेवा आणि सांगून ठेवा. पुढे १९७७ च्या डिसेंबरात सुरू झालेला राज्यभरच्या सरकारी नोकरांचा तो ५४ दिवसांचा संप, पगार नाही, घरात तुम्ही दोन शाळकरी पोरं, तेव्हा किराणा कुणी उधारीवर दिला? त्या दुकानदाराचं नाव स्मरणिकेत आमदारांच्या आधी यायला पाहिजे, माझं मत.

विद्यार्थ्यांचे लेख मागवाल तेव्हा 'बाईंविषयी चार शब्द' असं मागू नका, चार शब्दच येतील, आणि तेही तेच ते. 'बाईंचा मार कशाबद्दल खाल्ला' असं विचारा. बघा कशी पानं भरतात. जुन्या शिक्षकांनी मारलंय, हे लपवू नका, आईला त्याबद्दल आज काय वाटतं तेही विचारा, त्यागमूर्तीपेक्षा ते वाचायला जास्त लोकांना आवडेल.

आणि ज्यांना ती शिकवू शकली नाही त्यांचंही विचारा. प्रत्येक गुरुजींच्या आणि बाईंच्या डोक्यात अशी एकदोन पोरं असतात, हुशार होती आणि चौथीनंतर लग्न करून दिली, किंवा गुरांमागे गेली. माझ्या वडलांना शेवटच्या आजारात आम्हा भावंडांची नावं उलटीपालटी व्हायची पण चौथीतून शाळा सोडलेल्या एका मुलीचं नाव आडनावासकट बरोबर यायचं. तुमच्या आईच्या देवळातल्या वर्गात आज सत्तरीची कुणी बसत असेल ना, तर कोण जाणे, ती तिच्याच पटावरून सुटलेली पोर असेल. मी कल्पना करतेय, पण विचारायला काय हरकत आहे.

सत्काराचं थोडक्यात. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब साधारण ८० वर्षं १० महिन्यांचा, म्हणजे हजार पौर्णिमा कधीच होऊन गेल्या, वर साठएक जादा. आता मुहूर्त चुकला बिकला काही मनात आणू नका, भटजी काढतील काहीतरी. हॉल, फ्लेक्स, पाचशे माणसांचं जेवण, आणि स्टेजवर तीन तास ८६ वर्षांच्या बाईला शाल पांघरून बसवून ठेवायचं, हे सगळं तुमच्या आणि भावाच्या समाधानासाठी असतं हो, असू दे, पण मग छोटं करा. शाळेच्या पटांगणात करा, संध्याकाळी, भाषणं दोनच. येणाऱ्यांना हारतुरे नकोत, वाचनालयाला एकेक पुस्तक आणा असं सांगा, तेही घरात नको झालेलं नव्हे, स्वतःला आवडलेलं. उरलेल्या पैशात तो पायरीचा कठडा, वाचनालयात एक दांड्याची खुर्ची आणि बाईंच्या उंचीला हात पोचेल एवढ्याच फळ्या. मंगळवार-शुक्रवार सोडून वार धरा, नाहीतर स्वतःच्या सत्काराला ती येणार नाही.

आणि स्मरणिकेचं पहिलं प्रूफ आलं की ते तिलाच तपासायला द्या, लाल पेनसकट. तिच्याबद्दल चुकीचं छापलेलं तिला खपेल, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला खपणार नाही. मनगट दुखलं तर डावा हात आहेच.

भावाला माझ्याकडून सांगा, महिन्यातून एक शनिवार वाचनालय त्याने सांभाळायचं, पुणे-पाटण काही लांब नाही, आणि फोनवर 'आता बास कर आई' म्हणणं महिनाभर बंद.

पेपरच्या आदल्या दिवशी, शनिवारीच गावी पोचा. रविवारी बायकांना केंद्रावर सोडायला, पेन्सिली वाटायला, एखादीचं रडणारं नातवंड बाहेर धरायला माणूस लागतोच. येताना बाथरूमला बसवायचा स्टीलचा बार ठाण्याहूनच घेऊन या, ड्रिल मशीन कुणाकडे आहे ते आईला विचारा, तिला माहीत असेल, पोरगा तिच्याच शाळेतला असणार.